नाइटमधले जी आणि एच

दिवसभर उपास करायचा आणि रात्री एकदाच जेवायचं, या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात. नक्त म्हणजे रात्र. संस्कृतातला हा शब्द आणि इंग्रजीतला नाइट एकाच मुळातून आले आहेत. लॅटिनमध्ये रात्रीच्या शब्दाचं अंग ‘नॉक्ट’ असं आहे, जर्मनमध्ये रात्र म्हणजे ‘नाख़्ट’. या सगळ्या भाषांत शेवटच्या ‘त’च्या आधी एक व्यंजन स्पष्ट ऐकू येतं. इंग्रजीत ते ऐकू येत नाही, पण कागदावर आहे. नाइटच्या स्पेलिंगमधले जी आणि एच नक्तमधल्या ‘क’च्या जागेवर बसले आहेत.

आठचंही तसंच. संस्कृत अष्ट, लॅटिन ऑक्टो, जर्मन आख़्ट. इंग्रजी एटमध्ये पुन्हा तेच जी आणि एच. वजनाने हलका या अर्थाचा लाइट आणि आपला लघु एकाच घराण्यातले. मुलीसाठी संस्कृतात दुहिता, फारसीत दुख्तर, जर्मनमध्ये टोख़्टर, इंग्रजीत डॉटर. गोव्यात कोकणी बोलणारे मुलीला आजही ‘धूव’ म्हणतात आणि तो शब्द दुहितेपासूनच आलेला आहे. कोकणीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे शब्दाचा मधला आवाज झिजून गेला. कोकणीने तो लिहिणंही सोडलं, इंग्रजीने लिहिणं चालू ठेवलं. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम यांनी व्यंजनांच्या बदलाचा नियम सांगितला, तेव्हा कुठे अशा जोड्या शास्त्रशुद्ध रीतीने लावता येऊ लागल्या.

इंग्रजी स्पेलिंगला वेडंवाकडं म्हणण्याची सवय जगभर आहे, आणि त्या खटल्यात पहिला आरोपी म्हणून जी-एचची जोडीच उभी केली जाते. कुठे ती मुकी, कुठे तिचा ‘फ’ होतो, कुठे नुसता ‘ग’. पण ही जोडी असलेले शब्द एकत्र मांडून पाहिले तर वेडेपणा फारसा उरत नाही. प्रत्येक शब्दात ती कुठल्या वाटेने शिरली, हे बहुतेक वेळा तिच्या जागेवरून आणि उच्चारावरून ओळखता येतं.

इसवी सन ५९७ मध्ये रोमहून आलेले ख्रिस्ती धर्मप्रसारक केंटच्या किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्यामागोमाग रोमन लिपी इंग्लंडात रुजली. त्या काळच्या इंग्रजीत एक खरखरीत आवाज होता, उर्दूतल्या नुक्तेवाल्या ‘ख़’सारखा. रोमन लिपीत त्याच्यासाठी वेगळं अक्षर नव्हतं, म्हणून लेखनिकांनी एच वापरला. रात्र म्हणजे एन-आय-एच-टी. चार अक्षरं, चार आवाज, एकही मुकं नाही. सरदार या अर्थाचा दुसरा नाइट तेव्हा सीने सुरू व्हायचा आणि तो सीही ‘क’ म्हणून स्वच्छ उच्चारला जायचा.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कोर्टकचेरी आणि मोठे मठ फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेले आणि लेखनाच्या रीती बदलू लागल्या. पुढच्या दोन-तीन शतकांत त्या खरखरीत आवाजासाठी एकटा एच मागे पडला. काही ठिकाणी ‘योख़’ नावाचं अक्षर आलं, आकड्यातल्या तीनसारखं दिसणारं. काही ठिकाणी जीला एच जोडला गेला. अखेर जी-एच टिकलं आणि योख़ गेलं. स्कॉटलंडमध्ये मात्र योख़ एका विचित्र रूपात मागे राहिलं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता, तेव्हा दिसायला जवळचा म्हणून झेडचा खिळा लावला गेला. मेंझीस असं दिसणारं स्कॉटिश आडनाव तिथले लोक आजही ‘मिंगिस’ असं उच्चारतात, त्याचं कारण हा खिळा.

कवी जेफ्री चॉसर १४०० साली वारला. त्याच्या इंग्रजीत सरदाराला ‘क्निख़्त’ म्हणत. सुरुवातीचा ‘क’, मधली ‘ख़’, सगळं तोंडाने बोललं जात होतं. म्हणजे आज शाळकरी मुलाला जाचणारं हे स्पेलिंग तेव्हाच्या इंग्रजाला जाचक नव्हतं. तो बोलायचा तसंच लिहायचा.

यानंतर या कथेत विल्यम कॅक्स्टन येतो, आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. तो केंटचा, धंद्याने कापडाचा व्यापारी. आयुष्याची तीसेक वर्षं त्याने आजच्या बेल्जियममधल्या ब्रुझ आणि आसपासच्या शहरांत काढली. छपाईची कला तो कलोन शहरात शिकला. इंग्रजी भाषेतलं पहिलं छापील पुस्तक त्याने १४७३-७४च्या सुमारास इंग्लंडबाहेरच छापलं. ते ट्रॉयच्या कथांचं त्याने स्वतः केलेलं भाषांतर होतं. १४७६ साली त्याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, इंग्लंडमधला पहिला. त्याचा सहकारी विन्किन द वोर्ड हाही समुद्रापलीकडून आलेला. फ्लेमिश वळणाची अक्षरजुळणी या छापखान्यात सहज उतरली.

भुताला जुन्या इंग्रजीत ‘गास्त’ म्हणत, त्यात एच कुठेच नव्हता. फ्लेमिशमध्ये मात्र आत्म्यासाठीचा शब्द जी आणि एचने सुरू करून लिहिला जाई. कॅक्स्टनच्या छापखान्यात तसंच छापलं जाऊ लागलं आणि घोस्टला एच चिकटला तो कायमचा. घास्टली आणि अघास्ट हे शब्द पुढे घोस्टच्या वळणावर गेले. विशेष म्हणजे कॅक्स्टनच्या पुस्तकांत हंस, बकरी, मुलगी यांच्या इंग्रजी शब्दांतही जीनंतर एच सापडतो. म्हणजे गूस, गोट, गर्ल यांनाही हाच एच लागला होता. त्या तिघांनी तो टाकून दिला आणि भुताने ठेवला. का ठेवला, याचं एक संभाव्य उत्तर असं की धार्मिक पुस्तकांत पवित्र आत्म्याचं नाव पानोपानी येतं, आणि वारंवार डोळ्यांखालून जाणारं रूप सवयीचं होतं.

कॅक्स्टनचा काळ यासाठीही महत्त्वाचा की छापखान्याने स्पेलिंग थिजवायला सुरुवात केली, नेमकी तेव्हाच बोलण्यातली ‘ख़’ नाहीशी व्हायला लागली होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लंडनच्या बोलीतून ती ओसरत गेली. जाताना तिने आपल्या आधीचा स्वर लांबवला; ‘निख़्त’चं ‘नीत’ झालं. त्याच सुमारास इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकत होते. भाषाशास्त्रात या घडामोडीला ‘महास्वरपरिवर्तन’ म्हणतात. त्या ओघात ‘नीत’चं ‘नाइट’ झालं. लाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, ब्राइट यांतले बहुतेक शब्द याच मार्गाने गेले. छापील पानाने मात्र चॉसरच्या वेळचा उच्चार धरून ठेवला. स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून जिवंत आहे. तिथे रात्र म्हणजे ‘निख़्ट’, उजेड म्हणजे ‘लिख़्ट’.

सगळीकडे ‘ख़’ मुकी झाली नाही. ओठांचा चंबू करून बोलायच्या स्वरानंतर ती आली, तेव्हा काही बोलींत घशातलं घर्षण पुढे ओठांवर आलं आणि ‘फ’ तयार झाला. मराठीत ज्या रफ वहीत मुलं गणितं करतात आणि जो टफ पेपर त्यांना रडवतो, ते दोन्ही शब्द असे घडले. कॉफ म्हणजे खोकला, लाफ म्हणजे हसणं, इनफ म्हणजे पुरे, हेही त्यांच्याच रांगेतले. पण थ्रू, डो (मळलेलं पीठ), बाउ (झाडाची फांदी) यांच्यात ‘फ’ आला नाही. एकाच अक्षरगटाचे दोन निकाल कसे? लंडन हे नाना परगण्यांतून आलेल्या लोकांचं शहर. प्रत्येक परगण्याची बोली वेगळी, आणि कुठल्या शब्दाचा कुठला उच्चार शहराने उचलायचा याला एकच नियम असणं शक्य नव्हतं. पिठाच्या डोचं उत्तरेकडच्या बोलीत ‘डफ’ होतं, आणि मनुका घातलेल्या उकडलेल्या पुडिंगला इंग्रज आजही ‘प्लम डफ’ म्हणतात. एकाच शब्दाची दोन्ही रूपं एकाच स्वयंपाकघरात नांदतात. फक्त एक जी-एचने लिहिलं जातं आणि दुसरं एफने.

लंडनजवळ स्लाउ नावाचं गाव आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. गावाचं नाव म्हणजे दलदल. त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द सापाच्या कातेसाठी आहे आणि तो ‘स्लफ’ असा उच्चारतात. शब्द दोन, अक्षरं तीच, उच्चार वेगळे.

आता तोतये. डिलाइट म्हणजे आनंद हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्यात ‘ख़’ कधीच नव्हती, आणि चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो जी-एचशिवायच लिहिला जायचा. सोळाव्या शतकात लाइट, नाइट, राइट यांच्या पंगतीत बसवायचं म्हणून त्याला जी-एच देण्यात आले. हॉटी म्हणजे उद्धट. त्याचं मूळ ‘उंच’ या अर्थाचा फ्रेंच शब्द. स्प्राइटली म्हणजे चपळ, उत्साही. तो स्पिरिटच्या घरातला. दोघांचाही जी-एचशी जन्माचा संबंध नाही. उचकीसाठी इंग्रजीत ‘हिकप’ हा आवाजावरून बनलेला शब्द होता. उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार, असा कुणी तरी समज करून घेतला आणि त्याच्या शेवटी कॉफचं स्पेलिंग जोडलं. उच्चार तरीही हिकपच राहिला. असे शब्द पाहिले की लक्षात येतं, लोक नुसतं कानाने लिहीत नाहीत, शेजारच्या शब्दाकडे बघूनही लिहितात.

शब्दाच्या सुरुवातीला जी-एच असेल तर शब्द बहुधा बाहेरून आलेला असतो. घेटो व्हेनिसचा. १५१६ साली तिथल्या ज्यूंना एका बेटावर बंदिस्त वस्तीत राहण्याची सक्ती झाली आणि त्या जागेचं नाव पुढे जगभर गेलं. इटालियनमध्ये ई किंवा आयच्या आधी जी आला तर त्याचा ‘ज’ होतो. ‘ग’ टिकवायचा तर मध्ये एच घालावा लागतो. स्पॅघेटीतला एच त्याच कामाचा. घूल अरबीतून आला, प्रेतं खाणारा पिशाच्च. १७८६ साली विल्यम बेकफर्डच्या ‘व्हाथेक’ या कादंबरीने तो इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. योगर्टमध्ये ब्रिटिश मंडळी जी-एच लिहितात, कारण मूळ तुर्की शब्दात एक खास आवाज होता आणि रोमनमध्ये तो दाखवायला दुसरी सोय नव्हती; आज तुर्कीत तिथे जीवर चंद्रकोर असलेलं अक्षर आहे.

याच दाराने आपले शब्दही आत गेले. घाट आणि घी हे इंग्रजी कोशात कधीचे आहेत. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात घाट मध्ये यू घालून लिहिला आहे. बोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत खंडाळ्याचा हा घाट याच यू घातलेल्या रूपात वारंवार भेटतो. पुढे विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धत सरकारने स्वीकारली आणि ‘घ’साठी जी-एच हे ठरून गेलं. घाटकोपर, घोडबंदर, घोरपडे, घाटगे, रघुनाथ या सगळ्या नावांत एच म्हणजे ‘ग’बरोबर बाहेर पडणारा श्वास, महाप्राण. इंग्रजीला हा श्वास ठाऊक नाही. म्हणून इंग्रज माणूस तूप मागतो तेव्हा ‘गी’ म्हणतो.

उलट प्रकारही घडला. गाडीसाठी अँग्लो-इंडियनांनी ‘घॅरी’ रूढ केला आणि त्यात एच घातला, मूळ गाडीत तर नुसता ‘ग’ आहे. छोट्या होडीसाठी हिंदी-बंगालीत डिंगी. तिचं इंग्रजी डिंगी झालं आणि जीपुढे एच आला. तो नसता तर वाचणाऱ्याने तिचं ‘डिंजी’ केलं असतं. घाटातला एच श्वास दाखवायला आला आणि डिंगीतला एच ‘ज’ टाळायला, दोन्ही एकाच देशातून गेले तरी.

स्पेलिंगची टिंगल करणारे एक उदाहरण हमखास देतात: जी-एच-ओ-टी-आय, आणि त्याचा उच्चार म्हणे ‘फिश’. इनफमधला ‘फ’, विमेनमधला ‘इ’, नेशनमधला ‘श’. ही कोटी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावावर खपते. पण शॉचा जन्म १८५६चा, आणि प्रकाशक चार्ल्स ऑलियर यांनी ली हंट यांना १८५५ साली लिहिलेल्या पत्रात ती आधीच आहे. स्पेलिंग सुधारावं ही शॉची कळकळ मात्र खरी होती. नवी लिपी बनवण्यासाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्यातून घडलेल्या लिपीत त्याचं ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’ हे नाटक १९६२ साली छापलं गेलं. कोटी चतुर आहे, पण खोटी आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या जी-एचचा ‘फ’ इंग्रजीत कधीच होत नाही. तो होतो शब्दाच्या शेवटी किंवा ड्राफ्टसारख्या शब्दात टीच्या आधी, आणि तोही ओ-यू किंवा ए-यू या जोडीनंतर. जागेचा हा नियम कोटी करणाऱ्याने लपवला आहे.

सुधारणेचे प्रयत्न चारशे वर्षांहून जुने आहेत. जॉन हार्ट यांनी १५६९ साली उच्चाराप्रमाणे लिहिण्याची पद्धत मांडली. कवी एडमंड स्पेन्सरचे शाळेतले गुरू रिचर्ड मल्कास्टर यांनी १५८२ साली उलट सांगितलं की रूढीला धरून चालावं, आणि आठ हजारांच्या आसपास शब्दांची यादी दिली. मल्कास्टर जिंकले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशाने रूढीवर शिक्का मारला. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी नांगर आणि मसुदा या दोन शब्दांतून जी-एच काढले, प्लाउ डब्ल्यूने लिहिला, ड्राफ्ट एफने. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे सुधारित शब्द वापरण्याचा हुकूम दिला. त्यांत थ्रू, थरो आणि जरी या अर्थाचा दो हे तिन्ही जी-एच गाळून लिहिलेले होते. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, प्रतिनिधीगृहाने विरोध केला, आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९३४ साली आपल्या पानांवर असे शब्द सुरू केले आणि १९७५ साली थ्रू आणि दो यांचे जी-एच परत आणले. आज आखूड थ्रू उरला आहे तो मुख्यतः मोटारीतच बसून खाणं घेण्याच्या खिडक्यांच्या पाट्यांवर.

एका शहराने तर एचसाठी वीस वर्षं झुंज दिली. पिट्सबर्गचं नाव १७५८ साली जनरल जॉन फोर्ब्स यांनी विल्यम पिट यांच्यावरून ठेवलं. १८९१ साली अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने ‘बर्ग’ने संपणाऱ्या सगळ्या गावांच्या नावांतला शेवटचा एच काढून टाकला. पिट्सबर्गकरांनी तो सोडला नाही, आणि जुलै १९११ मध्ये मंडळाने तो परत दिला.

उच्चारातून गेलेल्या खुणा लिहिण्यात ठेवायच्या की काढायच्या, या प्रश्नावर मराठीने दुसरा निर्णय घेतला. १९६२ पूर्वीची पुस्तकं उघडली की घरांत, तूं, नाहीं, पांच असे अनुस्वार दिसतात. त्यांतले बरेच बोलण्यातून गेले होते. पांचवरचा अनुस्वार पञ्चमधल्या अनुनासिकाची खूण होता, घरांतवरचा ‘अन्तः’ची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आणि सरकारने ते मान्य केले. लिहिणाऱ्यांची मोठी सुटका झाली आणि तो निर्णय योग्यच होता. शब्दांच्या कुळाची एक खूण मात्र त्याबरोबर गेली. इंग्रजीकडे असं महामंडळ कधीच नव्हतं. तिथे खूण राहिली आणि तिचं ओझं शिकणाऱ्यांच्या पाठीवर आलं.

हे ओझं महाराष्ट्रातली लाखो मुलं उचलतात. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. शिक्षकांनी एवढं करून पाहावं: जी-एचचे शब्द धडा येईल तसे सुटे न देता गटाने द्यावेत. टीच्या आधी मुके असलेले नाइट, एट, लाइट एका फळ्यावर, आणि त्यांच्याशेजारी नक्त, अष्ट, लघु. शेवटी ‘फ’ होणारे रफ, टफ, कॉफ, लाफ दुसरीकडे. सुरुवातीला ‘ग’ असलेले घोस्ट आणि घेटो तिसरीकडे, घाट आणि घीसह. डिलाइट कुठल्या फळ्यावर लिहायचा, हे मुलांनाच विचारावं, आणि त्यांनी उत्तर दिल्यावर सोळाव्या शतकात त्याला जी-एच कसे चिकटले ते सांगावं.